भगंदर दाखवला, पोट लपवलं

एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून संडासला किती वेळा जाता?"

"बराबर जातो," मी म्हणालो.

शेजारी बसलेली माझी बायको सुभद्रा सरळ त्यांच्याकडं वळली. "काहून लपवता? डॉक्टरसाहेब, सात-आठ बारी जाऊन राहिले. दोन वर्सं झाली. कधी रगतबी पडतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मी शिरड शहापूरचा शिंपी. बसायच्या जागेजवळ गळू झालं, फुटलं आणि पू वाहत राहिला. हिंगोलीत सांगितलं, फिस्टुला आहे, म्हणजे भगंदर. आतून कातडीपर्यंत पडलेली वाट. दोनदा कापलं, दोनदा पुन्हा वाहू लागलं. दिवसभर मशीनवर बसतो म्हणून होतं, असं सगळे म्हणत. मीही मधे भोक ठेवून एक गादी शिवली आणि तिच्यावर बसू लागलो.

माझं शहाणपण तर विचारूच नका. त्या दुखण्यात संडासला खडा झाला की जीव जातो, म्हणून पातळ होतंय ही देवाची कृपाच समजत होतो. ते काय डॉक्टरला सांगायचं? गिऱ्हाइकाची कंबर बोटभर उतरली तरी माझ्या ध्यानात येते. स्वतःची पँट मात्र कंबरेत दोनदा आत घेतली आणि गप्प बसलो.

तिसऱ्यांदा कापायचं म्हणून नांदेडला गेलो. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, संडास धरून ठेवणारा स्नायू कापला गेला तर ताबा कायमचा जाईल. आधी एमआरआय करू. ताबा जायचीच मला भीती होती. कपड्यात घाण करणाऱ्या शिंप्याकडं कोण माप द्यायला येईल?

मशीनमध्ये धातू चालत नाही. माझ्या कॉलरमधून तीन सुया निघाल्या, तेव्हा तिथली बाई हसली. आतल्या खडखडाटात मला चक्क डुलकी लागली. शिलाई मशीनची आयुष्यभराची सवय.

फिल्मवर भगंदराला फांद्या दिसल्या, मधे पूचा खिसा आणि गुदाशयाची भिंत सुजलेली. साधा भगंदर बहुधा असा नसतो. सुभद्राचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "आता जुळतंय. हा क्रोन्स असावा. कापायचं नाही." क्रोन्स म्हणजे आतड्याची जुनाट सूज. नुसत्या फिल्मवर त्यांनी शिक्का मारला नाही. कोलोनोस्कोपी केली, म्हणजे कॅमेऱ्यानं आतडं पाहिलं. तुकडा तपासून टीबी नाही याचीही खात्री केली.

मग पू निघत राहावा म्हणून भगंदराच्या वाटेत सैल धागा ओवला. त्याला सीटन म्हणतात. धागा म्हटल्यावर मला जरा धीर आला. गोळ्या सुरू झाल्या. महिने गेले, मी चिडचिड केली, सुभद्रानं ती सोसली.

आजार मुळातून गेलेला नाही, गोळ्या चालूच आहेत. पण वाहणं थांबलं आणि ताबा शाबूत राहिला. तुम्हाला हे दुखणं असेल, तर जागा दाखवताना पोटाचंही सांगा. लाजेनं माझी दोन वर्षं खाल्ली. माझ्या बायकोनं तोंड उघडलं म्हणून मी वाचलो.

परवा तिनं तीच पँट माझ्यापुढं टाकली.

"उसवा आता," ती म्हणाली. "बटन लागंना तुमचं."

मी चष्मा लावला आणि आत घेतलेल्या दोन्ही शिवणी उसवल्या.