भीमाआजीची विहीर

पंच्याऐंशी ओलांडलेली भीमाआजी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना आपल्या सुना समजायची, म्हणजे वाटेल तेव्हा झापायची. मुंबईजवळच्या आचोळे गावातल्या तिच्या केळीच्या वाडीवरच आमची बिल्डिंग उभी राहिली होती. पण विहीर तिने बिल्डरला दिली नव्हती. नळाला पाणी नसलं, म्हणजे बहुतेक रोजच, आम्ही हंडे घेऊन तिच्या दारात. "मुंबयला नोकरीला जाता, नि एक हंडा उचलता येत नाय?" असं म्हणून खुदुखुदु हसायची.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या रेखाचा नवरा तिथल्या कारखान्यातून ताप घेऊनच घरी आला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं, पण तेवढा धीर कुणाला? सोसायटीचे सेक्रेटरी सावंत यांनी फर्मान काढलं, रेखाने विहिरीवर यायचं नाही. तिचा पोहरा पाण्याला लागला की सगळी बिल्डिंग आडवी होणार, ही आमची अक्कल! शिवाय पाणी तोडलं की दोघं आपणहून निघून जातील, असंही काहींच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा आलीच. घरात थेंब नव्हता आणि नवरा पाणी मागत होता.

"वहिनी, मागे फिरा!" सावंत ओरडले. गर्दीतल्या कुणीतरी तिची कळशी लाथेने उडवली. माझ्या कडेवर लेक होती. आता हिला मारतात की काय, या भीतीने मी लेकीला घेऊन मागे सरकले.

विहिरीच्या कठड्याशी बसलेली आजी उठली. कळशी उचलून तिने विसळली, भरली, त्यातलंच ओंजळभर पाणी प्याली आणि कळशी रेखाच्या कमरेवर ठेवली.

"इहीर माजी हाय. हिला पानी नाय, तर कोनालाच नाय. जावा, टँकर बोलवा."

सावंत काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले. रेखा रडत रडत जिना चढली. त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले मला.

पुढे तो हिवताप निघाला. सगळे पुन्हा रेखाशी गोड बोलू लागले. एका दुपारी मी आजीला विचारलं, "खरंच प्लेग असता तर?"

"भ्याले व्हते गो."

मग ती तिच्या लहानपणच्या मानमोडीच्या तापाबद्दल बोलली. त्या साथीत गावोगाव माणसं मेली होती.

"आय तापात पानी मागत व्हती. मी कळशी घेऊन इहिरीवर गेले, तर मानसांनी धोंडे मारले. रिकामी परत आले. 'आनते हां, आय, आनते,' सांगत तिच्याजवळ बसले. ती कवा गेली, मना कळला नाय. मी आपली सांगतच व्हते."