फेवा तलावावरचा शनिवार

१४ नोव्हेंबर १९९८, शनिवार. पोखरा. शिबिराला सुट्टी. सकाळी बसने खाली आलो. होडीतून तलावातल्या देवळाला गेलो. दुपारी डाळभात. घरी फोन केला. अंधार पडायच्या आत परत.

वहीत एवढंच लिहिलेलं आहे. त्याच दिवशी गावी, उचगावात, आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दहावा होता. मला ते माहीत नव्हतं.

नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, हे तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कोल्हापूरचे आम्ही अठरा विद्यार्थी पोखऱ्याच्या वरच्या एका गावात शाळेच्या भिंती बांधायला तीन आठवडे गेलो होतो. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची हद्द, पुढे दिवसभर घाटातली बस. पासपोर्ट लागत नाही. नोटा शंभराच्याच न्या, आमच्या वेळी पाचशेची चालत नव्हती. आणि उलटी होत असेल तर पुढची जागा धरा.

आबांना दमा होता. निघताना मी दादाला बजावलं होतं, "आबांचं काही कमी-जास्त झालं तर लगेच कळव. असेन तिथून निघेन." तो म्हणाला, "व्हय, कळवतो की."

शिबिराच्या गावात फोन नव्हता. आधीच्या शनिवारी आमचे सर एकटेच सिमेंट बघायला पोखऱ्याला गेले होते. त्यानंतर माझ्याकडे दगड वाहायचं काम आलं नाही, पाणी मारायचं आलं. मला बरंच वाटलं.

त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. तलावात माछापुच्छ्रेचं शिखर उलटं दिसत होतं. होडी तासावर मिळते, भाव आधी ठरवा. देऊळ मधल्या छोट्या बेटावर आहे. उतरल्यावर सर मला म्हणाले, "तू इथंच थांब. चपला राखायला कुणीतरी पाहिजे."

माझी मैत्रीण सुरेखा हसली. "सर, आमच्या चपला कोण चोरतंय? माझ्या एकीचा अंगठा तुटलाय, चोर शिव्या घालंल."

"सांगितलं तेवढं कर," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी चपलांपाशी बसले. एवढ्या लांब येऊन मलाच का, याचा राग आला होता. परत येऊन सगळ्यांनी कपाळाला टिळे लावलेले दाखवले. सुरेखाने मला प्रसाद द्यायला हात पुढे केला, तर सरांनी तो मध्येच घेतला.

दुपारी तळ्याकाठच्या बूथवरून फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या दुकानात काकूंकडे यायचा.

"काकू, आबांना बोलवता?"

"आबा व्हय... न्हाईत गं घरात. मळ्याकडं गेल्यात."

"आणि दादा?"

"त्यो बी. सगळीच गेल्यात. तू जेवलीस का?"

"जेवले. आबांचा खोकला?"

"थांबला. ठेव आता, लई बिल हुतंय तुझं."

खोकला थांबला म्हणून मी त्या संध्याकाळी बसमध्ये गाणीसुद्धा म्हटली.

काम संपवून परतलो, तेव्हा कोल्हापूर स्टेशनवर दादा टोपी घालून उभा होता. कधी न घालणारा. त्याने ती काढली आणि मला त्याचं भादरलेलं डोकं दिसलं. मागे सर सामान उतरवत होते. त्यांना त्या आधीच्या शनिवारीच, पोखऱ्याहून फोन केला तेव्हा, कळलं होतं. मला सुतक होतं, म्हणून देवळात सोडलं नव्हतं. सांगू नका, असं दादानेच त्यांना फोनवर विनवलं होतं.

"एकटी पोर तीन दिवस रडत आली असतीस," आई म्हणाली. "आन् येऊन काय बघणार हुतीस? राख?"

मी भांडले नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण मला विचारायला हवं होतं, हे आजही वाटतं. पोखरा सुंदर आहे, जरूर जा. फक्त निघताना घरच्यांकडून असं वचन घ्या, जे त्यांना पाळता येईल.

घरातलं सुतक तोवर फिटलं होतं, गोड जेवणही झालं होतं. उशिरा कळलेल्याला तीन दिवसांचं असतं, असं चुलतीने सांगितलं. म्हणून तीन दिवस मी बाहेरच्या सोप्यात वेगळी बसले, आणि आत घरच्यांचा देवापुढचा दिवा लागत होता. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं. मग खाली अंथरलेली चादर धुतली, पिळली आणि मागच्या दारी वाळत घातली.