सावलीतली चादर

लेकीने भिंतीवर ओढलेल्या तेलखडूच्या रेघा मी तासभर टूथपेस्टने घासत होते. शेवटची रेघ निघाली तेव्हा मोठ्याने म्हणाले, "गेला एकदाचा डाग!" आणि फडकं वाळत घालायला गॅलरीत आले.

समोरच्या गॅलरीत, अगदी आतल्या भिंतीलगत, एक चादर वाळत होती. तिच्यावर हळदीने माखलेल्या हातांचे दोन इवले ठसे. बाहेर कडकडीत ऊन होतं. आम्ही इथे नवीन, चादरीपाशी उभ्या असलेल्या बाईंशी ओळखही नव्हती. पण डाग दिसला की मला गप्प बसवत नाही.

"हळद आहे ना? दोन उन्हं दाखवा, जाईल," मी ओरडून सांगितलं.

"माहीत आहे. म्हणून तर सावलीत घालते," त्या म्हणाल्या. "धूळ बसते, तेव्हा नुसत्या पाण्यातून काढते. मुलाचे हात आहेत. गेला तो, मागच्या वर्षी."

डाग जातो, मूलही जातं. आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच, आणि मी तो दिवसातून दहादा सुटकेच्या सुरात उच्चारते.

ऊन त्यांच्या कठड्यावरून आत सरकू लागलं, तशी त्यांनी चादर ओलीच काढली आणि पोटाशी धरून आत नेली.