दंडासाठी मी सापडते, रिफंडसाठी नाही!

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सिन्नरची आमची पुठ्ठ्याच्या खोक्यांची छोटी कंपनी आम्ही रीतसर बंद केली. जादा भरलेल्या टॅक्सचा रिफंड मागायला आज पुन्हा नाशिकच्या ऑफिसात गेले.

क्लार्क म्हणाले, "मॅडम, कंपनीच राहिली नाही, तर पैसे द्यायचे कुणाला?"

म्हटलं, "कंपनी बंद झाल्यावर दंडाची नोटीस नाशिक रोडला माझ्या घरी आली होती. तेव्हा बरा पत्ता सापडला! दंड मीच भरला ना? मग रिफंडही मलाच द्या."

त्यांनी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. उद्या या."

"येते की. डबा घेऊनच येते."

तुमचाही रिफंड असाच अडकलाय का? मग तुम्हीही या उद्या. साहेबांच्या केबिनबाहेरचं बाकडं चांगलं लांबलचक आहे.