शेजारी शेजारी दोन भोकं

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रामटेकच्या मोटारीत उतारू भरत होतो. निरोप ऐकला, आणि मोटार वेळेवर सोडली. रामटेकहून परत आलो, मग त्यांच्या घरी गेलो. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तेरवीला जो तो ‘माणूस मोठा प्रामाणिक’ म्हणत जेवत होता. त्याच प्रामाणिकपणानं माझी नोकरी खाल्ली होती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सीताबर्डीत त्यांचं टायर-ट्यूबांचं दुकान. पंक्चर कोणीही काढतो; हळूहळू उतरणारी हवा शोधावी ती भाऊजींनीच, हे मीही कबूल करतो. आधी वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा फुगतो का पाहायचं. मग ट्यूब पाण्याच्या टाक्यात, वीत-वीत पुढे सरकवत. तोवर समोर लाटसाहेब असला तरी ताटकळत उभा! ही ऐट मला कधी सोसली नाही. मी तेव्हा कळमेश्वरकडच्या एका मालगुजारांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. भाऊजी दिसले की म्हणायचे, “टायर चढवनं तुह्यानं नाही जमत गा, मह्याकडे आनत जाय.” आणि हे चारचौघांत, नेहमी चारचौघांत...

म्हणूनच एकदा चाकात बाभळीचा काटा गेला तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो नाही. स्वतः ठिगळ लावलं, लोखंडी पट्टीनं टायर रिंगवर चढवला. सकाळी पाहतो तर चाक बसलेलं. हवा भरून मालगुजारीणबाईंना रामटेकला घेऊन निघालो. कामठीत पुन्हा भरली. परत येताना कन्हानच्या पुलाशी ते चाक पार जमिनीला टेकलं, आणि बाई भर उन्हात रस्त्यावर उभ्या राहिल्या. “दुसरा काटा लागला,” असं मी मालकांना सांगितलं. मला तसंच वाटत होतं, निदान वाटावं अशी इच्छा होती.

मालगुजार स्वतः मोटारीत बसून मला भाऊजींच्या दुकानी घेऊन गेले. भाऊजींनी ट्यूब बुडवली, पाहिली, वर काढली.

“काट्याचं भोक एक रायते, मालक. हे दोन हायेत, शेजारी शेजारी. टायर चढवतानी पट्टीत ट्यूब चिमटली.” मग माझ्याकडे वळून, “टायर कोनं चढवला गा?”

त्यांना ठाऊक होतं कोणी चढवला ते. “मी,” म्हणालो. मालगुजार म्हणाले, चुकणारा ड्रायव्हर चालेल, खोटं बोलणारा नको. नवी ट्यूब टाकून मोटार गेली, माझ्याशिवाय.

मी जवळ जाऊन ती ट्यूब पाहिलीच नाही. पुढची सात वर्षं मात्र भेटेल त्याला सांगत सुटलो, की भोक एकच होतं, मालगुजारांची थुंकी झेलायला भाऊजींनी एकाची दोन केली. भाऊबीजेला अक्काकडे जाणं सोडलं. तीच बिचारी ताट घेऊन माझ्या घरी यायची आणि ओवाळून लगेच निघायची.

तेरवीची पंगत उठल्यावर अक्कानं आतून एक ट्यूब आणली. शंखजिऱ्याची पूड लावून जपलेली, रबर अजून मऊ.

“हे त्याइनं कोनाले फेकू नाही देल्लं. म्हनत, पाह्यल्याबिगर त्याले पटनार नाही, येईन एक दिवस. तू आलाच काहून नाही गा?”

मी पंप आणला. हवा भरली, परसातल्या टाक्यात ट्यूब बुडवली. अक्का दारातच थांबली होती, पुढे येत नव्हती.

“किती हायेत?” तिनं विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सात वर्षं नवरा तिला दोन सांगत होता आणि भाऊ एक. पाण्यातून बुडबुड्यांच्या दोन सरी वर येत होत्या, बोटभर अंतरावर. ‘एक’ म्हणावं असं क्षणभर मनात आलं, हेही लिहून टाकतो.

“दोन,” मी म्हणालो. नवरा गेल्यापासून न रडलेली अक्का तिथंच उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडली.

ट्यूब आता माझ्या पडवीत खुंटीला आहे. येता-जाता खांद्याला घासते. भाऊजी खरे होते, ते मी छापून देतो आहे. पण माफ केलेलं नाही. त्यांनी मला हाताला धरून दुकानामागे न्यायचं होतं, दोन शिव्या द्यायच्या होत्या... तेवढं त्या प्रामाणिक माणसाला का सुचलं नाही?