कॅज्युअल्टीच्या दाराशी काढलेले बूट

ती दुपार अजूनही डोळ्यांसमोर येते, पण का कोण जाणे, नेहमी आवाजाशिवाय. शहरात संगणक कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या. एका रुग्णालयात डॉक्टरला मारहाण झाल्याचा निरोप आमच्या पोलीस चौकीवर आला. आम्ही पोहोचलो तेव्हा जमाव पांगला होता. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर बुटांचा एक जोड पडला होता, मोजे आत नीट सरकवलेले. आत फरशीभर सलाइनच्या बाटल्यांच्या काचा होत्या आणि त्यांवर खिडकीतलं ऊन हलत होतं. क्षणभर मला ते सुंदर वाटलं. मग ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरबाई दिसल्या. उजवा हात पोटाशी धरून त्या पुढचा रुग्ण तपासत होत्या.

हृदयविकाराचा झटका आलेला एक वृद्ध दगावला होता. त्या गोंधळात कोणीतरी सलाइनचा लोखंडी स्टँड बाईंच्या हातावर घातला होता. पंचनामा चालू असतानाच चौकीवर निनावी फोन आला, की वृद्धाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्यानेच मारलं. बिबवेवाडीच्या त्या रिक्षावाल्याला आम्ही ताब्यात घेतलं.

"साहेब, पेशंटला मीच उचलून आत नेलं. मीच मारीन होय? लायसन गेलं तर घर बसलं माझं."

खोटं बोलणारा सहसा बोलतच राहतो. हा एवढंच बोलून गप्प बसला.

संध्याकाळी बाईंचा जबाब घेतला. चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. "मी खाली पडले होते. फक्त त्याचे पाय दिसले. अनवाणी होते, काचांवरून चालत गेले. वाटलं, याला लागत कसं नाही? डोळे मिटले की अजून तेच पाय दिसतात."

रिक्षावाल्याला चपला काढायला लावल्या. तळव्यांना भेगा होत्या, ओरखडा एकही नव्हता. मग मला ते बूट आठवले. मोडतोड करायला येणारा माणूस बूट काढत नाही. हात जोडत येणारा काढतो.

विश्रांतवाडीला मृताच्या घरी गेलो. संगणक कंपनीत नोकरीला असलेला मुलगा भर उकाड्यात पायांवर चादर घेऊन बसला होता. मी म्हणालो, "पाय दाखवा." त्याने चादर बाजूला केली. दोन्ही पायांना पट्ट्या होत्या.

"मीच मारलं," तो म्हणाला. "फोनही मीच केला."

"आणि बूट का काढलेत?"

"बाबा आत होते. देवळात शिरल्यासारखं वाटलं होतं."

रिक्षावाला त्याच दिवशी सुटला. मुलावर गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाल्यावर माझ्यासमक्ष तो रुग्णालयात बाईंची माफी मागायला आला आणि कॅज्युअल्टीच्या दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. हाताला प्लास्टर असलेल्या बाई आतूनच म्हणाल्या, "अहो, राहू द्या. इथे देव असते, तर हात मोडला नसता."

माणसाला देव केलं की त्याचं हरणं आपल्याला सोसत नाही, हे मला तिथे कळलं. आता वयोमानाने दवाखान्याच्या वाऱ्या वाढल्या आहेत. दाराशी पाय जरा थांबतात. मग मी चपला घालूनच आत जातो आणि आधी विचारतो, "डॉक्टर, जेवलात का?"