नंबर तोच, कंपनी नवी

कुठल्याही कंपनीशी एकनिष्ठ राहायचं नाही असं ठरवूनच जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा रूममेट निघाला. सिडनीत तेव्हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. पेंडल हिल स्टेशनामागच्या छोट्या युनिटमध्ये आम्ही पाच जण राहायचो, आणि पाचही जणांचे मोबाइल हा त्याच्या अखत्यारीतला विषय होता. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते हे कळल्यापासून त्याने एकाही कंपनीला सुखाने जगू दिलं नव्हतं. टूथपेस्ट, न्हावी, बँक, सगळीकडे तोच न्याय. "आपण सोडून जाऊ शकतो, हे त्यांना कळलं पाहिजे," असं तो भाजी परतता परतता म्हणायचा. तेलाचा ब्रँडही सारखा बदलत असल्यामुळे ती भाजी दर वेळी वेगळी लागायची.

नवा मुलगा येणार असला की हा सिमकार्ड घेऊन एअरपोर्टवर हजर. पोचल्याचा फोन टॅक्सीत बसायच्या आत घरी गेलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. नुकत्याच उतरलेल्या मुलाकडे इथला पत्ता दाखवणारा एकही कागद नसायचा, म्हणून सिम तो आधीच स्वतःच्या लायसन्सवर घेऊन ठेवायचा. त्यामुळे आमच्या घरातले सगळे नंबर त्याच्याच नावावर होते. मलाही त्याने असंच उतरवून घेतलं. तिकडे आई रडत होती, इकडे मी रडत होतो आणि हा माझ्या बॅगा धरून म्हणत होता, "निवांत बोल रे, सुरुवातीची मिनिटं फ्री आहेत."

स्कीम विकायला कोणाचा फोन आला की आम्ही पटकन ठेवून द्यायचो. हा खुर्ची ओढून बसायचा. पलीकडच्या माणसाला प्रश्नांत असा गुंतवायचा, की शेवटी तोच काकुळतीला येऊन सुटका मागायचा. "घ्यायचं नाही तर बोलतोस कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं. "प्रॅक्टिस," तो म्हणाला.

माझा कोर्स संपला आणि व्हिसाचे थोडेच आठवडे उरले, तेव्हा कॅनबेराच्या एका ऑफिसात मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की शुक्रवारी दुपारी फोन करीन. सोमवारी माणूस हवा आहे, तुम्ही सापडला नाहीत तर यादीतल्या पुढच्याला विचारीन. नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर पुण्याचं तिकीट, असा साधा हिशेब होता. शुक्रवारी सकाळपासून मी फोन हातात घेऊन बसलो. आंघोळसुद्धा टाळली. आणि जेवायच्या सुमारास स्क्रीनवरच्या नेटवर्कच्या रेघा गेल्या. मी खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला, सिम काढून शर्टाला पुसून परत घातलं, फोन बंद करून चालू केला. नो सर्व्हिस. मग आठवलं, सकाळी बूट घालताना रूममेट म्हणाला होता, "आज मी कंपनी बदलतोय."

तो दिवसा स्टेशनाजवळच्या इंडियन ग्रोसरीत काम करायचा. मी चपला घालून तिकडे धावत सुटलो. वाटेत पब्लिक फोन लागला, तेव्हा थांबून नाणं टाकलं आणि माझाच नंबर फिरवला. तो बिझी होता. मेलेला फोन माझ्या हातात, आणि माझ्या नंबरवर कोणीतरी बोलत होतं.

तेवढ्यात दुकानातून रूममेट पळत येताना दिसला. अंगावर एप्रन, हाताला बेसन, कानाला फोन आणि आवाज मात्र जेवण झाल्यावर गप्पा मारत बसल्यासारखा. "येस मॅडम, अँड इन विंटर, द ऑफिस हॅज गुड हीटिंग?" मला पाहताच त्याने फोनवर हात ठेवला. "सगळे नंबर माझ्या नावावर ना, पोर्ट करताना माझ्या नव्या सिमवर माझ्याऐवजी तुझा आला. चुकलो मी. बाई ठेवतच होत्या, कसंबसं धरून ठेवलंय. आणि ऐक, तुझं दुसरीकडेही चालू आहे असं सांगितलंय. एकच पर्याय आहे असं दाखवायचं नसतं."

दुसरीकडे माझं काहीही चालू नव्हतं. मी फोन कानाला लावला. बाईंचा आवाज थंड होता. "आय हिअर यू हॅव अनदर ऑफर. आय नीड अ येस ऑर अ नो, नाऊ." समोर रूममेट दोन्ही हातांनी खुणा करत होता, थांब, लगेच हो म्हणू नकोस, जरा ताण. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि "येस" म्हणालो.

वळून पाहिलं तर तो फुटपाथच्या कडेला बसून बेसनाच्या हातांनी डोळे पुसत होता. "घाई केलीस," तो म्हणाला, "पण पार्किंग फुकट आहे तिथे. मी विचारून घेतलं." मग त्याने आपल्या फोनमधलं सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं. "हा नंबर तुझा. नावाचं सावकाश बघू."

ते नावाचं राहूनच गेलं. मी कॅनबेरात गुंगालिनला आलो, संसार थाटला. तो मेलबर्नला गेला, मग पर्थला, आणि पुढे कुठे ते मला ठाऊक नाही. एक दिवस त्याच्या नंबरवर लावलेला फोन दुसऱ्याच कोणीतरी उचलला. मला त्याची फार आठवण येते. आमच्या घरात त्याने दिलेल्या त्या सिमच्या कंपनीची रेंज नीट येत नाही, थंडीत बाहेर अंगणात जाऊन बोलावं लागतं. मुलगी म्हणते, "बाबा, जस्ट स्विच, इट्स सो ईझी." ईझी आहे हे मला त्याच्याइतकं कोणी शिकवलेलं नाही. पण बदलायचं तर आधी नंबर माझ्या नावावर करून घ्यावा लागेल, आणि त्याचं नाव काढून टाकायचा मला धीर होत नाही.

कधीतरी कंपनीतून एखाद्या मुलीचा फोन येतो. ती त्याचं नाव घेऊन विचारते, आपणच बोलताय ना. मी हो म्हणतो आणि खुर्ची ओढून बसतो.